सुगंधी फुलं कापावीत कशी, घरात टिकवावीत कशी

झाडावर चार दिवस डोलणारं फूल फुलदाणीत ठेवलं की दुसऱ्याच सकाळी मान टाकतं. नव्याने बाग करणाऱ्यांना हे हमखास बघावं लागतं, आणि मग दोष जातो पाण्याला, हवेला, नाहीतर फुलदाणीला. बहुतेक वेळा बिघडायचं ते त्याआधीच बिघडलेलं असतं. फूल भर उन्हात कापलेलं असतं, फार कोवळं किंवा फार जून असतं, नाहीतर कापल्यावर अर्धा तास ओट्यावर कोरडं पडून राहिलेलं असतं. त्यामुळे या लेखातला अर्ध्याहून जास्त भाग फूल फुलदाणीत पोचायच्या आधीचा आहे.

एक अपेक्षाही सुरुवातीलाच नीट करून घेऊ. भरपूर वासाची फुलं सहसा कमी टिकतात. विक्रीसाठीच्या गुलाबांच्या जाती निवडताना लांब दांडी, टिकाऊपणा आणि प्रवास सोसण्याची ताकद पाहिली गेली, आणि त्यात वास मागे पडला. बागेतला घमघमणारा गुलाब घरात ३ ते ५ दिवस राहिला तर तुमचं काम उत्तम झालं असं समजा. विकतच्या बिनवासाच्या गुलाबाशी त्याची बरोबरी करू नका.

जवळ काय काय हवं

- धारदार सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची कात्री. दोन पाती एकमेकांना घासून जाणारं घ्या. एक पातं सपाट ठोकळ्यावर आपटणारा प्रकार वाळलेल्या फांद्यांसाठी ठीक आहे, पण कोवळी दांडी तो चिरडतो.
- स्वीट पीसारख्या बारीक देठांसाठी छोटी कात्री.
- स्वच्छ बादली. ती बागेत सोबत न्यायची आहे.
- पाती पुसायला ७० टक्क्यांचं अल्कोहोल आणि फडकं.
- काटेरी आणि चिकाच्या झाडांसाठी हातमोजे.
- फुलदाणी, आणि तिच्याबरोबर एखादं पसरट, उथळ भांडं. ते कशाला, हे पहिल्याच पायरीत येतं.
- साखर, लिंबू आणि साधं घरगुती ब्लीच. फुलं टिकवण्यासाठी पाण्यात घालायची विकतची पुडी असेल तर या तिघांची गरज नाही.

१. फुलदाणी की पसरट भांडं, ते आधी ठरवा

सगळी सुगंधी फुलं फुलदाणीसाठी नसतात. ही वाटणी डोक्यात पक्की असली की निम्मी निराशा टळते.

गुलाब, निशिगंध, लिली, फ्रीझिया, स्टॉक, कार्नेशन, स्वीट पी, लॅव्हेंडर, नार्सिसस यांना दांडी असते आणि ती पाणी ओढते. ही फुलदाणीतली फुलं.

मोगरा, अनंत, सोनचाफा, देवचाफा यांचं गणित वेगळं आहे. देठ आखूड असतं किंवा जवळपास नसतंच, आणि असलं तरी त्यातून फुलाला पुरेल इतकं पाणी वर चढत नाही. अशा फुलांना फांदीसकट तोडून उंच फुलदाणीत उभं करण्याचा हट्ट धरू नका. पसरट भांड्यात बोटभर पाणी घालून त्यावर ती तरंगत ठेवा.

अनंताच्या पाकळीला कोरडं बोट लागलं की तिथे तपकिरी डाग उमटतो. फूल हाताळण्याआधी हात ओले करा आणि फूल पाकळीला न धरता खालून, देठाकडून धरा. पांढऱ्याशुभ्र फुलावरचे ते डाग वय झाल्याचे वाटतात, पण बऱ्याचदा ते आपल्याच बोटांचे असतात. सोनचाफाही असाच नाजूक. तो जेमतेम एखादा दिवस चांगला राहतो, म्हणून नुकता उमलू लागलेला सकाळी काढा आणि त्याच दिवशी त्याचा आनंद घ्या.

मोगऱ्याच्या पूर्ण उमललेल्या फुलांपेक्षा टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या बंद कळ्या काढा. त्या संध्याकाळनंतर घरातच उमलतात आणि खरा दरवळ तेव्हाच सुटतो. कळ्या लगेच नको असतील तर ओलसर (ठिबकणाऱ्या नव्हे) सुती कापडात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात घालून गार जागी ठेवा. पाणी पाकळ्यांवर साचून राहिलं तर त्या लवकर काळपट पडतात, म्हणून वरून फवारे मारत बसू नका.

देवचाफा तोडताना पांढरा चीक येतो. तो त्वचेला झोंबू शकतो, डोळ्यात जाऊ देऊ नका.

रातराणी मात्र झाडावरच राहू द्या. कापलेली फांदी लवकर मलूल होते, आणि बंद खोलीत तिचा वास अनेकांचं डोकं धरतो. खिडकीपासून थोड्या अंतरावर झाड असेल तर त्याहून चांगली फुलदाणी नाही.

२. वेळ: पहाटेनंतर, ऊन चढायच्या आत

रात्रभरात झाडाने जमिनीतून पाणी ओढून पेशी भरून घेतलेल्या असतात. सकाळी दांड्या ताठ असतात, पाकळ्या भरलेल्या असतात. ऊन चढलं की पानांतून पाणी उडायला लागतं आणि मुळांना तो वेग गाठता येत नाही. दुपारी कापलेलं फूल मुळात तहानलेलंच घरात येतं.

दव असेल तर ते सुकेपर्यंत थांबा. ओल्या पाकळ्यांवर बुरशी पटकन येते, दाट पाकळ्यांच्या गुलाबावर तर फारच. पावसानंतर लगेच कापायची वेळ आली तर देठ धरून फूल हलकेच झटका आणि हवेशीर सावलीत उभं ठेवा.

सकाळ साधली नाही तर संध्याकाळ चालते, दुपार नाही. आदल्या संध्याकाळी झाडाला नीट पाणी दिलेलं असेल तर फरक डोळ्यांना दिसतो.

निशिगंध, मोगरा, सोनटक्का यांचा वास रात्री वाढतो, कारण निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी तो असतो. म्हणून सकाळी कापताना वास कमी वाटला तर फूल बाद करू नका, ते संध्याकाळी बोलेल.

झाडावर कीटकनाशक मारलं असेल तर बाटलीवर लिहिलेला काळ संपेपर्यंत ती फुलं घरात आणू नका. वासाच्या फुलाला आपण नाक लावतोच.

३. कळी किती उमललेली हवी

इथे एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही.

गुलाब: कळीखालची हिरवी निदलं मागे वळलेली हवीत आणि बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सुटू लागलेली हवी. निदलं अजून कळीला चिकटलेली असताना कापलं तर कळी बऱ्याचदा उमलतच नाही, तशीच मान खाली घालते. दाट पाकळ्यांचे जुन्या पद्धतीचे गुलाब थोडे जास्त उमलू द्या.

निशिगंध: खालची दोन-तीन फुलं उमललेली हवीत. बाकीची खालून वर क्रमाने उमलत जातात. सगळ्यात वरच्या इवल्या कळ्या सहसा उमलत नाहीत, तेवढा शेंडा खुडून टाकला तरी चालतो. वास महत्त्वाचा असेल तर एकेरी पाकळ्यांचा निशिगंध लावा. दुहेरी दिसायला भरगच्च असतो, पण वासात एकेरीच वरचढ.

लिली: सगळ्यात खालची कळी फुगून तिच्यावर पूर्ण रंग चढला की कापा. दांडी अगदी बुंध्यापासून कापू नका. किमान एक तृतीयांश दांडी पानांसकट झाडावर राहू द्या, कारण पुढच्या हंगामासाठी कंद त्या पानांवरच पोसला जातो.

फ्रीझिया: पहिलं फूल उमलू लागलं की. स्वीट पी: दांडीवर शेवटची एखादी कळी बंद असताना. स्वीट पी जितकं कापाल तितकं जास्त फुलतं, झाडावर शेंगा धरू दिल्या की फुलायचं थांबतं. लॅव्हेंडर: कणसावरची साधारण निम्मी फुलं उमलल्यावर. पिओनी: कळी बोटांनी हलकेच दाबल्यावर मऊ लागली की. लायलॅक मात्र कापल्यावर फारसं उमलत नाही, त्यामुळे घोसातली बहुतेक फुलं उघडलेली असतानाच काढा.

४. काप कुठे आणि कसा

गुलाबाची फांदी पाच छोट्या पानांचं मिळून झालेल्या एखाद्या पूर्ण पानाच्या वर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्यापासून साधारण अर्धा सेंटिमीटर वर कापा. तिथून नवीन फांदी बाहेरच्या दिशेला फुटते आणि झुडूप आतून मोकळं राहतं. लहान किंवा नव्या रोपावरून लांब दांड्या काढू नका. ती पानं रोपाची कमाई आहे.

काप तिरका द्या. तिरक्या कापामुळे फूल फार जास्त पाणी पितं असं सांगितलं जातं, पण खरा फायदा साधा आहे: सपाट कापलेलं टोक भांड्याच्या तळाला घट्ट बसतं आणि तोंड बंद होतं, तिरकं बसत नाही.

आणि कापल्याबरोबर दांडी बादलीतल्या पाण्यात. पूर्ण मूठ भरेपर्यंत फुलं हातात धरून बागेत फिरणं ही सगळ्यात सर्रास घडणारी चूक. दांडीच्या आत बारीक नळ्या असतात आणि त्यांतून पाण्याची सलग धार वर जात असते. कापलं की ती धार तुटते, टोकातून हवा आत शिरते, आणि हवेचा बुडबुडा अडकला की त्यावरून पाणी पुढे सरकत नाही. टोक जितका वेळ कोरडं, तितकी हवा आत.

एका झाडावर रोग दिसत असेल तर पुढच्या झाडाकडे जाण्याआधी पाती पुसून घ्या.

५. आधी पोटभर पाणी पाजा, मग सजवा

नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हिच्यामुळेच पडतो. कापलेली फुलं थेट फुलदाणीत लावू नका.

घरात आल्यावर पाण्याखाली बुडतील एवढ्या उंचीपर्यंतची सगळी पानं काढून टाका. पाण्यात राहिलेलं पान सडतं, त्यातून जिवाणू वाढतात आणि तेच जिवाणू दांडीची तोंडं बुजवतात. गुलाबाचे काटे काढताना साल सोलू नका, हव्या त्या उंचीपर्यंतचेच काटे मोडा.

मग दांडीचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून, पाण्याखालीच, आणखी दोन सेंटिमीटर तिरकं कापा. बागेतून येताना शिरलेली हवा त्या तुकड्याबरोबर जाते आणि नवीन हवा आत येत नाही.

आता उंच बादलीत कोमट पाणी घ्या, साधारण ३८ ते ४३ अंश सेल्सिअस, म्हणजे हाताला सुखद गरम लागेल इतकं. कोमट पाणी दांडीतून लवकर वर चढतं. फुलं त्यात उभी करा आणि बादली गार, अंधाऱ्या, वारा नसलेल्या जागी ठेवा. कमीत कमी दोन तास, जमलं तर रात्रभर. अंधारात आणि गारव्यात पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे आत येणारं पाणी जास्त आणि जाणारं कमी असा हिशेब जुळतो. नार्सिसस आणि हायसिंथसारख्या कंदवर्गीय फुलांना मात्र गार पाणी मानवतं.

काही दांड्यांना वेगळी वागणूक लागते:

लायलॅकसारख्या लाकडी फांद्यांचं टोक हातोडीने ठेचायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळेल. तो ऐकू नका. ठेचलेल्या भागात नळ्या चेपतात आणि तंतूंमध्ये जिवाणूंना घर मिळतं. त्याऐवजी टोकाला उभी दोन-तीन सेंटिमीटरची चीर द्या. घोसाजवळची बरीचशी पानं काढलीत तर घोसाला पाणी जास्त मिळेल.

नार्सिससच्या दांडीतून बुळबुळीत रस गळतो आणि शेजारच्या गुलाबांना, ट्यूलिपना तो बाधतो. त्यांना वेगळ्या भांड्यात काही तास, शक्यतो रात्रभर, ठेवा. रस गळून गेल्यावर इतर फुलांत मिसळा, पण मिसळताना दांडी पुन्हा कापू नका. कापली की रस पुन्हा सुरू.

६. फुलदाणीचं पाणी

आधी फुलदाणी. ती ताटाइतकी स्वच्छ हवी, म्हणजे साबण आणि ब्रशने घासलेली, नुसती विसळलेली नाही. आतल्या भिंतीवरचा निसरडा थर म्हणजे मागच्या फुलांचे जिवाणू. ताजी फुलं त्यात ठेवलीत तर त्यांची सुरुवातच तिथून होते.

कापलेल्या फुलाला तीन गोष्टी लागतात: उमलत राहण्यासाठी साखर, पाणी सहज चढावं म्हणून थोडा आंबटपणा, आणि जिवाणूंना आवर. पुडीत हेच तिन्ही असतं. पुडी असेल तर तिच्यावर लिहिल्याइतकंच पाणी वापरा, अंदाजाने अर्धी पुडी टाकू नका. साखर राहते आणि जिवाणू मारणारा भाग कमी पडतो, म्हणजे नसल्यापेक्षा वाईट.

पुडी नसेल तर १ लिटर पाण्याला:

- साखर १ चहाचा चमचा
- लिंबाचा गाळलेला रस २ चहाचे चमचे
- साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच पाव चहाचा चमचा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी भांड्यात सगळं पाणी घ्या, त्यात ब्लीच घालून ढवळा, साखर विरघळवा, शेवटी लिंबू घाला. ब्लीच आणि आम्ल पाण्याशिवाय एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, तो घातक असतो. म्हणून प्रमाणही वाढवू नका आणि हे दोन्ही एका वाटीत एकत्र करून ठेवू नका. मुलं असतील तिथे मी ब्लीच वगळून साखरही वगळायला सांगेन आणि रोज नुसतं ताजं पाणी बदलायला. नुसती साखर घालणं हा सापळा आहे, फुलापेक्षा जिवाणूच ती आधी खातात.

अ‍ॅस्पिरिनची गोळी, तांब्याचं नाणं हे उपाय खूप ऐकायला मिळतात. त्यांच्यावर विसंबू नका. क्षार काढण्यासाठी मीठ वापरणाऱ्या यंत्रातून आलेलं पाणीही टाळा. त्यात सोडियम वाढलेलं असतं आणि गुलाब, कार्नेशन यांना ते सोसत नाही.

७. जागा

थेट ऊन नको, पंख्याखाली नको, एसीच्या झोतात नको, गरम होणाऱ्या उपकरणांवर नको.

पिकणाऱ्या फळांजवळ तर अजिबात नको. सफरचंद, केळी यांसारखी फळं पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि तो फुलांना म्हातारं करतो. कार्नेशन, स्वीट पी, स्टॉक यांना त्याचा फटका लवकर बसतो: पाकळ्या आत वळतात किंवा गळून पडतात. सिगारेटच्या धुरातही इथिलीन असतं, आणि सुकलेली फुलंही तो सोडतात. म्हणून एक फूल सुकलं की ते लगेच काढा. फळं ठेवलेल्या फ्रिजमध्ये फुलं रात्रभर ठेवण्याची युक्तीही याच कारणाने अंगाशी येते.

वासापुरतं एक त्रांगडं आहे. गारव्यात फूल जास्त टिकतं, पण वास कमी सोडतं. उबेत वास भरभरून येतो आणि फूल लवकर संपतं. दोन्ही एकाच वेळी मिळणार नाही. दिवसभर आणि झोपताना गार कोपऱ्यात, आणि माणसं बसायच्या तासाभरापूर्वी खोलीत, अशी हलवाहलव केलीत तर दोन्हीकडचं थोडं थोडं पदरात पडतं. आणि झोपायच्या खोलीत निशिगंधाची किंवा वासाच्या लिलीची पूर्ण जुडी नको. एक दांडी पुरते.

८. रोजचं पाहणं, आणि मान टाकली तर

पाणी रोज बघा, दर दोन दिवसांनी बदला. गढूळ दिसलं किंवा वास आला तर लगेच. बदलताना फुलदाणी घासा आणि दांडी एक-दोन सेंटिमीटर पुन्हा कापा. निशिगंधाची खालची सुकलेली फुलं खुडत राहिलात तर वरच्या कळ्यांकडे पाणी पोचतं.

गुलाबाने पहिल्या-दुसऱ्या दिवशीच मान टाकली तर तो मेला असं समजू नका. बहुधा दांडीत हवा अडकलेली असते. टोक पाण्याखाली चांगलं तीन सेंटिमीटर कापा आणि अख्खं फूल दांडीसकट, आडवं, कोमट पाण्याच्या टबात अर्धा ते एक तास बुडवून ठेवा. बऱ्याच वेळा मान पुन्हा ताठ होते. चौथ्या-पाचव्या दिवशी वाकलेल्या गुलाबावर हा उपाय करण्यात वेळ घालवू नका.

लिली उमलली की परागकोश पिवळे-तपकिरी होऊन भुकटी सुटायच्या आत ते हलकेच चिमटीने काढून टाका. फूलही थोडं जास्त टिकतं. पराग कपड्यावर पडलाच तर पाणी लावू नका आणि चोळू नका. चिकटपट्टीने टिपून घ्या.

९. घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर

मांजर असेल तर लिली घरात आणूच नका. तिची पानं, पाकळ्या, अंगावर पडलेला पराग चाटणं, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणी पिणंही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. उंच कपाटावर ठेवणं हा उपाय नाही, मांजर तिथे पोचतं. मांजराने लिली तोंडाला लावल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

कण्हेर, रातराणी, लिली ऑफ द व्हॅली आणि नार्सिसस ही विषारी झाडं आहेत. ज्या पाण्यात ती ठेवली तेही पिण्याजोगं नसतं. काचेच्या पेल्यात फुलं ठेवायची सवय असेल तर या फुलांसाठी ती सोडा. ही फुलं हाताळल्यावर हात धुवा आणि पाणी बदलताना ते थेट मोरीत किंवा नाल्यात ओता, कुत्र्या-मांजरांच्या वाटेवर नको.

फुलं संपली की रिकामी फुलदाणी त्याच दिवशी घासून, उपडी ठेवून पूर्ण वाळवा. आठवडाभर तळाशी वाळलेला थर नंतर अरुंद तोंडाच्या फुलदाणीतून निघता निघत नाही. त्यासाठी मूठभर कोरडे तांदूळ, थोडं साबणाचं पाणी घालून ती जोरात हलवावी लागते.